नाशिकला बस निघण्याआधी: सोलापूरच्या यात्रावाल्यांना आणि योगवर्गवाल्यांना खुलं पत्र

सोलापूर शहर-जिल्ह्यातून यात्रा नेणाऱ्या सर्व मंडळींना आणि सकाळचे योगवर्ग चालवणाऱ्या सर्व शिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या बुकिंगचे मेसेज आत्तापासूनच फिरू लागलेत. नाशिकचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मोठी स्नानं २०२७ च्या पावसाळ्यात. तरी ‘नाशिक, त्र्यंबक, शिर्डी, शिंगणापूर, चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण, पुढच्या सीटला जादा’ असं येऊन पडलंय. यातला एक मेसेज मला आला तो आमच्या योगवर्गाच्या ग्रुपवर. वर सरांनी उद्या अनुलोम-विलोम जास्त वेळ घेणार म्हणून लिहिलेलं, खाली बसचं भाडं. दोन्हींना त्याच लोकांनी हात जोडले. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांना एकत्रच लिहितेय. तुमची माणसं एकच आहेत आणि माझ्या मते तुमचं कामही मुळात एकच आहे. ते तुम्ही वाटून घेतलंत: नदी एकाकडे गेली, श्वास दुसऱ्याकडे.

मी काही शास्त्रीबुवांच्या घरातली नाही. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. (नाशिकच्या रामकुंडाच्या पायऱ्यांवर वाळत घातलेल्या टॉवेलांत आपल्या गावचा माल किती, हे मी सवयीने बघते. भरपूर असतो.) पण यात्राही केल्यात, चटईही रोज टाकते आणि जमेल तसं वाचते. तेवढ्या अधिकारावर बोलते.

गेल्या महाकुंभाला, २०२५ साली, मीही एका बसने प्रयागला गेले होते. मैलोन् मैल चालून संगमावर पोचलो तोवर आमच्याबरोबरचा व्यवस्थापक घायकुतीला आलेला. ‘ओ मावशी, तीन डुबक्या मारा की पटापट, तिकडं ड्रायव्हर बोंबलायलाय!’ त्याचंही चुकलं असं नाही, पुढे काशी आणि अयोध्या गाठायची होती. माझ्या पुढ्यात पाण्यात एक सासू-सून होत्या. सुनेने आपल्या पदराचं टोक सासूच्या पदराला गाठ मारून बांधलेलं, गर्दीत चुकामूक नको म्हणून. सासूबाईंनी नाक धरलं, एक बुडी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या बुडीला वर येईनातच. सून घाबरली, दंडाला धरून ओढलं तिने. म्हातारी वर आली ती रागावूनच. ‘थांब की गं जरा. आत्ता कुठं आत बरं वाटायलं होतं!’

त्या बाईला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. पण तिने जे केलं ते धर्मसूत्रांत सांगितलेलं आहे. त्याला अघमर्षण म्हणतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १९० वं सूक्त आहे, तीनच ऋचांचं. तपातून ऋत आणि सत्य जन्माला आलं, मग रात्र, मग समुद्र, समुद्रातून संवत्सर, मग सूर्य, चंद्र, आकाश, पृथ्वी, असा त्यात क्रम आहे. पाण्यात पूर्ण बुडायचं, श्वास रोखायचा आणि हे सूक्त मनात तीनदा म्हणायचं. डोक्यावर नदी वाहतेय, कानांत तिचा आवाज भरलाय, बाहेरचं जग बंद झालंय आणि आपण मनात जगाची उत्पत्ती पहिल्यापासून म्हणतोय. हा प्राणायाम नाही तर काय आहे? तोंडावर गार पाणी येऊन श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे डॉक्टरही सांगतात. (म्हणूनच ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी हे करायला जाऊ नये, काठावर बसून तांब्याने अंगावर पाणी घ्यावं. हे यात्रावाल्यांनी बसमध्येच सांगायला हवं, ते कुणी सांगत नाही.)

स्नानाच्या जुन्या विधीत बघा, आधी संकल्प, आचमन, प्राणायाम, मग बुडी, मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ओंजळीने सूर्याला अर्घ्य. यातलं निम्मं तुमच्या योगवर्गात शिकवतात, उरलेलं निम्मं यात्रेत उरकतात. घरात बादलीपुढे बसूनसुद्धा आपण ‘गंगे च यमुने चैव’ म्हणतो आणि सात नद्यांना त्या बादलीत बोलावतो. त्या सातांत कृष्णा नाही, भीमा नाही, हे मला लहानपणापासून खटकत आलंय. पण बोलावता येतं, ही कल्पनाच मोठी आहे. नदी लक्षात धरता येते, आत आणता येते.

योगशिक्षकांना इथे एक तक्रार सांगते. हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशात सरळ म्हटलंय की इडा (डाव्या नाकपुडीची नाडी) म्हणजे गंगा, पिंगला (उजवीची) म्हणजे यमुना आणि त्या दोहोंच्या मध्ये कुंडलिनी, आत निजलेली शक्ती. मधल्या नाडीला, सुषुम्नेला, सरस्वती मानायचं आणि तिघींचा संगम भुवयांच्या मध्ये, ही तर योग्यांची नेहमीची भाषा. जाबालोपनिषदात अत्री याज्ञवल्क्यांना विचारतात, तो अव्यक्त आत्मा मी कसा जाणू? उत्तर येतं, अविमुक्तात, म्हणजे काशीत, त्याची उपासना कर. ती काशी कुठाय? वरणा आणि नासी यांच्या मध्ये. आणि ती जागा शरीरात कुठली? भुवया आणि नाक जिथे मिळतात ती. म्हणजे प्रयागही तिथेच, काशीही तिथेच. सर, आम्ही रोज सकाळी डाव्या-उजव्या नाकपुडीतून त्या दोन नद्यांच्या काठाने ये-जा करतो आणि तुम्ही आम्हाला सांगता काय, तर ऑक्सिजन वाढतो! वाढत असेल. पण प्रयागला जाऊन आलेल्या बाईला तुम्ही एवढं जरी सांगितलंत की जिथे बुडी मारलीस ती जागा दोन भुवयांच्या मध्ये आहे, तर तिचा दुसऱ्या दिवशीचा प्राणायाम वेगळा होईल. आणि न गेलेलीला तिची यात्रा घरबसल्या सुरू होईल.

यावर काही शिक्षक उलट टोकाला जातात, तेही ऐकलंय. ‘तीर्थ आतच आहे, कशाला धक्के खायला जायचं?’ आणि मग तुकोबांना साक्षीला काढतात. तीर्थाला जाऊन काय केलंस, वरवर कातडं धुतलंस, असं तुकोबांनी खडसावलंय हे खरं. पण ते स्वतः पंढरीच्या वाटेला लागायचे थांबले नाहीत. स्कंदपुराणातल्या काशीखंडातही हेच आहे. मासे पाण्यातच जन्मतात आणि पाण्यातच मरतात, म्हणून काही ते स्वर्गाला जात नाहीत, असं तिथे रोखठोक म्हटलंय. सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, भूतदया ही मनातली तीर्थं म्हणून सांगितलीत. हे सांगून झाल्यावर पोथी मिटावी की नाही? नाही मिटत. जो जमिनीवरच्या तीर्थांतही न्हातो आणि मनातल्या तीर्थांतही, तो परमगतीला जातो, असं म्हणून काशीतल्या एकेका घाटाची आणि कुंडाची वर्णनं पुढे चालूच राहतात. दोन्ही करा, असं ते म्हणणं आहे. सोय बघून एक टाकायची मुभा नाही.

हे सगळं आपल्याला परक्या पोथ्यांतून शिकायचीही गरज नाही, कारण आपलं गाव याच भांडणातून उभं राहिलंय. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर. गावाला पाणी हवं म्हणून त्यांनी तलाव खोदायला घेतला, अडुसष्ट लिंगं स्थापन केली. पुढची कथा कन्नड शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळच्या शिवभक्त संतांच्या, परंपरेत आहे आणि ती आपण मराठी सोलापूरकर फारशी सांगत नाही. तलावाचं काम चालू असताना त्या शरणांतले थोर संत अल्लमप्रभू तिथे आले आणि खोदणाऱ्या लोकांना हिणवून विचारू लागले, तुमचा तो माती उपसणारा सिद्धराम कुठाय? लोक खवळले, दगड घेऊन धावले. सिद्धराम आले, बोलणं झालं, वाद झाला. माती उपसून मोक्ष मिळतो का, बाहेर लिंगं मांडून आतलं लिंग सापडतं का, हा त्या वादाचा गाभा. शेवटी सिद्धराम अल्लमांबरोबर कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) गेले, बसवण्णांच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, बसले, चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली. आत वळले. पण तलाव राहिला, गाव त्याचं पाणी प्यालं आणि पाण्याच्या मधोमध असलेल्या देवळाच्या आवारात त्यांची योगसमाधी आहे. काम करणारा आणि ध्यान करणारा असे दोन वेगळे सिद्धराम कुणाला काढता येत नाहीत.

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत आपण खांद्यावर काय वाहतो? नंदीध्वज, म्हणजे त्या योग्याच्या योगदंडाचं रूप. कुंभारकन्येने लग्नाचा हट्ट धरला तेव्हा, माझ्या योगदंडाशी लग्न कर, असं त्यांनी सांगितलं आणि तो सोहळा आपण अजून दरसाल अक्षता टाकून करतो. त्याच्या आदल्या दिवशी नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी गावभर फिरतात. अडुसष्ट तीर्थं हा संतांच्या बोलण्यातला नेहमीचा आकडा. सिद्धरामांनी ती सगळी तीर्थं एका गावाच्या अंगणात आणून ठेवली असं मी समजते. महाकुंभ सुरू झाला १३ जानेवारी २०२५ ला, पहिलं अमृतस्नान संक्रांतीला. म्हणजे बरोबर ज्या दिवसांत इथे नंदीध्वज पेलणारी माणसं श्वास आवरून, तोल सांभाळत, अनवाणी चालत होती, त्या दिवसांत सोलापूरच्या बसा प्रयागच्या वाटेवर कोंडीत अडकल्या होत्या. जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण निघताना तलावाला हात जोडून किती बसा निघाल्या?

मौनी अमावस्येच्या पहाटे, २९ जानेवारीला, प्रयागला चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकडाच ३० मृतांचा होता. ज्या दिवसाचं व्रत मौनाचं, त्या दिवशी प्रत्येकाला नेमक्या संगमाच्या टोकावरच, नेमक्या मुहूर्तालाच उतरायचं होतं. घाट मैलोन् मैल पसरलेले होते. गंगा त्या सगळ्याच घाटांवर होती. माणसांना हे आधी, इथे सोलापुरात, शांतपणे सांगायला हवं होतं आणि ते काम तुमचं होतं, पोलिसांचं नव्हे.

आता नाशिकबद्दल. तुमच्या पत्रकात त्र्यंबक आहे, म्हणजे कुशावर्त कुंडात बुडी, ज्योतिर्लिंगाची रांग आणि बस. त्याच त्र्यंबकात निवृत्तिनाथांची समाधी आहे. वर ब्रह्मगिरी आहे, जिथे गोदावरी उगम पावते. त्याच डोंगरावर निवृत्तिनाथांना गहिनीनाथांनी नाथपंथाची दीक्षा दिली. निवृत्तींनी ती ज्ञानदेवांना दिली आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी कशी जागते याचं जे वर्णन आलंय ते या वाटेने आलंय. मराठीतला योग आणि महाराष्ट्रातली सर्वांत मोठी नदी एकाच डोंगरावरून खाली उतरल्यात आणि आपल्या बसा डोंगराच्या पायथ्याशी पेढे घेऊन परततात. याला काय म्हणावं? शिर्डी-शिंगणापूर पुन्हा कधीही करता येईल. एक मुक्काम त्र्यंबकात करा. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांना पहाटे डोंगरावरच्या गंगाद्वारापर्यंत तरी चढवा. ज्यांचे देत नाहीत त्यांना समाधीपाशी बसवा आणि सरांनी तिथे तासभर सहावा अध्याय वाचावा. माइक लावू नका.

नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांनी हे जपलंय. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, जवळ फार काही बाळगायचं नाही, मिळेल ते खायचं, चातुर्मासात एका जागी थांबायचं. पतंजलींचे यम-नियम पायांनी पाळायचे तर याहून वेगळे काय असतील? पहिली परिक्रमा मार्कंडेय ऋषींनी केली असं सांगतात. आपल्या पद्मशाली विणकर समाजाचं मूळ याच मार्कंडेयांपाशी जातं, नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो. म्हणजे नदीभोवती चालण्याचा वारसा सोलापूरच्या साच्यांवर बसलेल्या घराघरांत आहे. त्याच घरांतल्या बायका पुष्करालाही (गुरू राशी बदलतो तसा एकेका नदीवर भरणारा स्नानाचा मेळा) जातात, गोदावरीच्या, कृष्णेच्या. २०१८ साली गुरू वृश्चिकेत गेला तेव्हा भीमेचा पुष्कर होता. आपल्याच नदीचा. बसने परिक्रमा करणाऱ्यांना मी हसत नाही, वय झालेल्यांनी काय करावं? पण रोज एक मैल तरी बस सोडून, न बोलता, पाण्याच्या बाजूने चाला. तेवढं होतं.

शुद्धीचं बोलायचं राहिलं. पतंजलींच्या नियमांत पहिला शौच. गंगेवर तेरा गोष्टी करू नयेत अशी एक जुनी यादी आहे. त्यात अंगाचा मळ चोळू नये, निर्माल्य टाकू नये, वस्त्र सोडून येऊ नये हे सगळं आहे. आणि आपण काय करतो? साबण लावतो, निर्माल्याची पिशवी गाठीसकट भिरकावतो आणि नेसलेली साडी नदीत सोडली की पाप गेलं म्हणतो. चंद्रभागेच्या वाळवंटात एकादशीनंतर जाऊन बघा, पायाखाली वाळूपेक्षा चिंध्या जास्त लागतात. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनी धरणात आणि उजनीतून खाली पंढरपूरला आणि आपल्याकडे येतं. नदी स्वच्छ करायच्या ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा २०१६ ची. घोषणेचं काय ते सरकारला विचारू, त्यासाठी वेगळं पत्र लागेल. पण साडी सरकारने नाही सोडली. इतकी वर्षं चार-पाच दिवसांआड नळाला येणारं पाणी आपण भांड्याभांड्यांत भरून ठेवलं. ते मुख्यतः भीमेचंच. जलनेतीला तेच पाणी आपण गाळून, उकळून, कोमट करून, मोजून मीठ घालून नाकात घेतो. नाकापुरती जी काळजी, ती काठावर गेल्यावर का सुटते?

म्हणून माझी मागणी मोठी नाही. नाशिकला बस नेण्याआधी तीच माणसं हत्तरसंग-कुडलला न्या. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर. भीमा आणि सीना तिथे भेटतात, पलीकडे कर्नाटक दिसतं. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळातलं ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग बघून लोक फोटो काढतात आणि अर्ध्या तासात परततात. आपण अर्धा दिवस थांबू. शेवटचा मैल चालत जायचं, फोन बसमध्ये ठेवायचे. योगशिक्षकांनी काठावर बसवून आधी प्राणायाम घ्यावा, दोन नद्या समोर दिसत असताना. डावी कुठली, उजवी कुठली, हे तिथे कुणाला वेगळं समजावावं लागणार नाही. मग ज्याला झेपेल त्याने पाण्यात उतरावं, पण गावातल्या माणसाला विचारूनच. वाळू उपसून नदीत खड्डे झालेत, वरून काही कळत नाही. बुडी घाई न करता. येताना प्रत्येकाने आपले ओले कपडे आपल्याच पिशवीतून परत आणायचे.

एका यात्रावाल्या दादांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘ताई, शिंगणापूर काढलं तर निम्मी बुकिंग जातील, आणि कुडलला कोण पैसे देऊन येतंय?’ निम्मी नाही, पण काही जातील हे मलाही दिसतंय, हिशेबाची सवय आहे. कुडलसाठी माणशी फक्त डिझेलपुरते पैसे घ्या, नफा नाशिकला धरा. एकदा कुडलला आलेला माणूस नाशिकला तुमच्याच बसने येईल. आणि सरांनी वर्गाच्या फीमध्येच ही एक सकाळ धरावी. २१ जूनला मैदानावर बॅनर लावण्यात जो खर्च होतो, त्यात बसचं डिझेल आरामात निघतं.

मार्गशीर्षातला एखादा रविवार ठरवा. पाऊस सरलेला असतो, थंडी बोचण्याइतकी नसते. जेवणाचं मी आणि कारखान्यातल्या बायका बघतो: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. पत्रावळी आम्ही आणू, प्लास्टिकच्या नकोत. दोघांनी मिळून तारीख कळवा आणि माणसं किती ते आठ दिवस आधी सांगा, कडक भाकरीला वेळ लागतो.

आपली,
तुमच्याच बसमधली आणि तुमच्याच वर्गातली एक,
सोलापूर